इंजिनाच्या विमानाकडून ग्लायडरकडे: पाय, उंची आणि उतरण्याचा हिशेब

उत्तरवारा (मूळ लेख)

इंजिनाचे विमान चालवण्याचा परवाना असलेल्या माणसाने ग्लायडर शिकायला घेतले, तर त्याला नेमके काय नव्याने शिकावे लागते, याविषयी मराठीत फारसे लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही, म्हणून हा धागा काढत आहे. मी न्यू यॉर्क राज्यात हौशी वैमानिक म्हणून सेसना १७२ चालवतो आणि यंदा एल्मायराजवळच्या हॅरिस हिलवर ग्लायडरचे शिक्षण घेत आहे. अमेरिकेतील ग्लायडिंगचे हे माहेरघर. १९३० साली या देशातील पहिली राष्ट्रीय ग्लायडिंग स्पर्धा एल्मायरात झाली आणि राष्ट्रीय सोअरिंग संग्रहालयही याच टेकडीवर आहे. धावपट्टी माथ्यावर आहे आणि खाली शेमंग नदीचे खोरे पसरलेले आहे.

येथील नियमांनुसार इंजिनाच्या विमानाचा परवाना आणि पुरेसे उड्डाणतास असलेल्या वैमानिकाला ग्लायडरसाठी पुन्हा लेखी परीक्षा द्यावी लागत नाही. ग्लायडरमधले किमान तीन तास, त्यांत दहा एकल उड्डाणे, परीक्षेच्या तयारीसाठी प्रशिक्षकासोबत तीन उड्डाणे आणि शेवटी प्रात्यक्षिक परीक्षा, एवढीच अट आहे. ही सवलत डोक्यातल्या ज्ञानापुरती योग्य आहे, कारण हवामान, हवाई क्षेत्र आणि नकाशा ही सगळी विद्या तीच राहते. हातापायांना मात्र कोणतीही सवलत मिळत नाही, असे माझे आतापर्यंतचे मत झाले आहे.

आधी दोन्ही विमानांतला फरक आकड्यांत सांगतो. मी शिकतो ते ग्लायडर आहे जर्मनीच्या श्लायशर कंपनीचे एएसके-२१. त्याचे पहिले उड्डाण १९७९ साली झाले. फायबरग्लासची बांधणी, एकामागे एक दोन आसने आणि पंखांचा विस्तार १७ मीटर. सेसनाचा विस्तार साधारण ११ मीटर असतो. इंजिन बंद पडलेली सेसना १ फूट खाली येताना सुमारे ९ फूट पुढे जाते, तर एएसके-२१ ताशी ९० किलोमीटरच्या वेगाने जाताना सुमारे ३४ फूट जाते. म्हणजे हवा शांत असेल तर ३,००० फुटांवरून सेसनाला जमिनीवर यायला चार-साडेचार मिनिटे लागतात आणि या ग्लायडरला वीस. त्या वीस मिनिटांत वर चढणारी हवा सापडली, तर उड्डाण कित्येक तास चालू शकते.

सगळ्यांत आधी बदल जाणवतो तो पायांना. आजच्या इंजिनाच्या प्रशिक्षण विमानांत रडरकडे, म्हणजे पायांनी चालवायच्या शेपटावरच्या उभ्या सुकाणूकडे, थोडे दुर्लक्ष झाले तरी चालून जाते. उड्डाण घेताना आणि चढताना उजवा पाय दाबावा लागतो, आडव्या वाऱ्यात उतरताना पाय कामाला लागतात, पण साध्या वळणात कित्येक वैमानिकांचे पाय नुसते टेकलेले असतात. ग्लायडरचे पंख लांब, त्यामुळे एलेरॉन, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, शरीरापासून फार दूर असतात. डावीकडे वळण्यासाठी स्टिक (हातातला नियंत्रणदांडा) डावीकडे नेली की उजव्या पंखावरचा एलेरॉन खाली जातो, त्या पंखाची उचल वाढते आणि उचलीबरोबर मागे खेचणारा रोधही वाढतो. परिणामी डावीकडे कलू लागलेल्या ग्लायडरचे नाक क्षणभर उजवीकडे फिरते. हा प्रकार सेसनातही घडतो, पण तिथे तो अर्ध्या इंचाचा असतो; इथे नाक उघड उघड क्षितिजावरून उलट्या बाजूला सरकताना दिसते.

हे दाखवणारे साधन कॉकपिटमधले सर्वांत स्वस्त साधन असावे. कॅनॉपीच्या काचेवर बाहेरून लोकरीच्या धाग्याचा एक तुकडा चिकटवलेला असतो. तो सरळ मागे वाहत असेल तर ग्लायडर हवेला नीट सामोरे जात आहे. धागा डावीकडे वळला तर उजवा पाय कमी पडत आहे किंवा डावा जास्त होत आहे. माझे प्रशिक्षक पहिल्या धड्यात इतर उपकरणांविषयी फार बोललेच नाहीत; एखाद्या दूरच्या झाडावर नाक रोखायचे, दोन्ही बाजूंना आळीपाळीने कलायचे आणि झाड समोरून हलू द्यायचे नाही, हाच सराव त्यांनी करून घेतला. स्टिक आणि रडर एकाच वेळी, एकाच मापाने आणि एकाच बाजूला चालले तरच ते जमते.

याचे मूळ विमानविद्येच्या आरंभातच आहे. राईट बंधूंनी १९०३ पूर्वी तीन ग्लायडर बांधली. १९०१ च्या ग्लायडरमध्ये पंख पिळून वळण्याचा प्रयत्न केला की ते कधीकधी भलत्याच बाजूला फिरत असे. १९०२ च्या ग्लायडरला त्यांनी मागे उभे सुकाणू बसवले, ते आधी स्थिर होते, मग फिरते केले आणि पंखांच्या पिळाशी जोडले. तेव्हा कुठे वळण ताब्यात आले. इंजिन त्यानंतर आले. वळायचे कसे हा प्रश्न ग्लायडरवर सुटला होता आणि तो आपल्याला ग्लायडरमध्येच नीट समजतो, यात मला मोठा अर्थ वाटतो.

दुसरी गोष्ट टोची, म्हणजे इंजिनाच्या विमानाने दोरीने ओढून नेण्याची. हॅरिस हिलवर टो विमान साधारण २०० फूट लांबीच्या दोरीने ग्लायडरला वर नेते. इंजिनाच्या वैमानिकाला हा भाग सर्वांत सोपा वाटेल, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात हाच सर्वांत अवघड आहे. ग्लायडर टो विमानाच्या आधी जमिनीवरून उठते आणि टो विमान अजून धावपट्टीवर धावत असते, तोवर त्याला जमिनीपासून चार-सहा फुटांवरच रोखून धरावे लागते. ते जास्त वर गेले, तर दोरी टो विमानाचे शेपूट वर खेचते आणि त्याचे नाक जमिनीकडे जाते. पुढच्या वैमानिकाचा जीव त्या क्षणी मागच्याच्या हातात असतो. म्हणूनच ग्लायडर टो विमानाच्या वर निघून जाऊ लागले किंवा टो विमान नजरेआड झाले, तर त्याच क्षणी दोरी सोडायची, हा नियम पहिल्या दिवशी सांगितला जातो आणि पुन्हा पुन्हा सांगितला जातो. पुढे वर गेल्यावर टो विमानाच्या प्रोपेलरने आणि पंखांनी ढवळलेल्या हवेच्या थोडे वर राहून त्याच्या मागे चालायचे. आपले विमान हवेत जिथे न्यायचे तिथे नेण्याची सवय असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या मागे नेमक्या जागी राहणे हे वेगळेच काम आहे. टो विमान वळले की आपण लगेच वळायचे नाही. ते जिथे वळले त्या जागी पोहोचल्यावर, तेवढेच कलून वळायचे आणि आपले नाक त्याच्या बाहेरच्या पंखाच्या टोकाकडे ठेवायचे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगतो. टो चालू असताना ग्लायडरचा वैमानिक उंची पाहत असतो आणि "दोनशे फूट" असे मोठ्याने म्हणतो. त्या उंचीखाली दोरी तुटली, तर समोर जी जागा मिळेल तिथे उतरायचे. त्या उंचीवर किंवा तिच्यावर तुटली, तर वळून धावपट्टीवर परत येता येते. इंजिनाच्या विमानात आम्हाला याच्या अगदी उलट शिकवतात: उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडले तर मागे वळण्याचा मोह टाळा, नाक खाली करा आणि समोर उतरा. या मोहाने अनेक वैमानिकांचे प्राण घेतले आहेत. दोन्ही उपदेश आपापल्या विमानासाठी बरोबर आहेत. ग्लायडर कमी वेगाने उडत असल्यामुळे ४५ अंश कलून घेतलेले त्याचे वळण फार लहान होते आणि त्या अर्ध्या वर्तुळात साधारण शंभर फुटांच्या आतच उंची खर्च होते. सेसना त्याच वळणात कित्येक शे फूट गमावते.

प्रशिक्षक एके दिवशी न सांगता पिवळी मूठ ओढतात. दोरी सुटल्याचा ठक असा आवाज येतो. नाक खाली, वेग पाहणे, वाऱ्याच्या बाजूला वळण, धागा सरळ, धावपट्टी समोर. सगळे अर्ध्या मिनिटात आटोपते. त्या अर्ध्या मिनिटात करायच्या प्रत्येक गोष्टीचा निर्णय जमिनीवर असतानाच झालेला असावा लागतो, म्हणून उड्डाणापूर्वी आज वारा कुठून आहे, कुठल्या बाजूला वळायचे आणि दोनशे फुटांखाली समोर कुठे उतरायचे, हे वैमानिक मोठ्याने बोलून दाखवतो. सेसना उडवतानाही हे मोठ्याने बोलण्याची सवय मी आता लावून घेतली आहे, आणि हा एकच धडा मिळाला असता तरी माझे येथे येणे सार्थकी लागले असते.

उतरण्याविषयी थोडक्यात. डाव्या हाताशी निळी मूठ असते, ती एअरब्रेकची. ती मागे ओढली की पंखांच्या वर पट्ट्या उभ्या राहतात आणि ग्लायडर अधिक वेगाने खाली येते. पुढे ढकलली की उतरण्याचा वेग कमी होतो. थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारी मूठ) मागे घेतले की खाली आणि पुढे केले की वर, या सवयीशी हे जुळते, हे इंजिनाच्या वैमानिकाचे भाग्य. फक्त सेसनात थ्रॉटल उजव्या हातात असते, इथे ती मूठ डाव्या हातात. आणि इथे मूठ कितीही पुढे ढकलली तरी गेलेली उंची परत मिळत नाही. त्यामुळे धावपट्टीच्या बाजूने जाताना किंचित जास्त उंची हाताशी ठेवायची आणि ती शेवटी खर्च करत यायची. उंची हा इथे साठवून ठेवलेला पैसा आहे, आणि तो कुठे किती खर्चायचा हे ठरवणे म्हणजेच ग्लायडर चालवणे.

जाणकारांनी भर घालावी. हडपसरला शिकलेले कुणी इथे असतील तर त्यांचे अनुभव वाचायला मला विशेष आवडेल.

घाटमाथा

लेख अतिशय आवडला. मी अनेक वर्षांपूर्वी पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर शिकलो. हे केंद्र नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या अखत्यारीतले. तिथे टो विमानाऐवजी विंचने ग्लायडर वर नेले जाते, आणि त्याचा अनुभव आपण लिहिलेल्या टोपेक्षा पूर्णपणे वेगळा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला एक मोठे इंजिन आणि त्यावर केबल गुंडाळणारा ड्रम असतो. केबल ग्लायडरच्या पोटाखालच्या हुकला अडकवतात, एक जण पंखाचे टोक धरून उभा राहतो, आधी केबलची ढील हळू काढून घेतात आणि मग पूर्ण जोर देतात. ग्लायडर काही सेकंदांत जमीन सोडते आणि वैमानिक टप्प्याटप्प्याने नाक वर घेतो. शेवटी ते इतके वर असते की समोर फक्त आकाश दिसते. जमीन पाहायची असेल तर बाजूला, पंखाच्या टोकाकडे पाहावे लागते. अर्ध्या-पाऊण मिनिटात हजार फुटांच्या आसपास पोहोचून केबल सुटते आणि एकदम शांतता पसरते.

नाक इतके वर असताना केबल तुटली, तर वेग झपाट्याने पडतो. तेव्हा आधी स्टिक निर्धाराने पुढे न्यायची आणि वेग पुन्हा पुरेसा होईपर्यंत वळायचे नाही की एअरब्रेकला हात लावायचा नाही. नाक क्षितिजाखाली गेले म्हणजे वेग आला, असे नसते. त्यासाठी दोन-तीन सेकंद थांबावे लागते आणि ते थांबणेच शिकावे लागते. आमचे प्रशिक्षक याबाबतीत फार कडक होते आणि त्यांचे तसे असणे योग्यच होते.

एक जुनी आठवण इथे अस्थानी होणार नाही. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक खात्याच्या तांत्रिक केंद्राने १९५० च्या दशकापासून स्वतः ग्लायडर घडवली आणि त्यांना नक्षत्रांवरून नावे दिली: अश्विनी, भरणी, रोहिणी, कार्तिक, मृगशीर. त्यातील रोहिणी हे शेजारी-शेजारी आसने असलेले लाकडी ग्लायडर भारतातल्या किती तरी वैमानिकांचे पहिले वाहन ठरले. प्रशिक्षक शेजारी बसलेला असल्याने त्याचे हातपाय विद्यार्थ्याला सतत दिसत, आणि रडर शिकायला ती बैठक उत्तम होती, असे जुनी मंडळी सांगत.

सातारी_माती

मी वैमानिक नाही, पण लेख एका बैठकीत वाचला. एक शंका आहे. उतरताना अंदाज चुकला तर इंजिनाचे विमान जोर देऊन पुन्हा वर जाऊ शकते. ग्लायडरला ती सोय नाही. मग ग्लायडर हे अधिक धोक्याचे वाहन नव्हे का? माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे आणि त्याला याची ओढ आहे, म्हणून विचारतो.

उत्तरवारा

आपली शंका रास्त आहे आणि मुलाच्या बाबतीत असल्याने तिचे उत्तर जबाबदारीने द्यायला हवे. दुसरी संधी नाही हे खरे. पण दुसरी संधी नाही हे उड्डाणाच्या पहिल्या क्षणापासून माहीत असल्यामुळे सगळी आखणीच तशी केलेली असते. ग्लायडर धावपट्टीच्या बाजूला ठरलेल्या जागी पुरेशी उंची राखून येते. तिथून ते एअरब्रेक अर्धे उघडून उतरेल, अशी कल्पना करून मार्ग आखतात. वाटेत हवा खाली ढकलू लागली तर एअरब्रेक बंद करायचे, जास्त उंच राहिलो तर पूर्ण उघडायचे. म्हणजे चुकीला दोन्ही बाजूंना जागा ठेवलेली असते. एएसके-२१ चे एअरब्रेक पूर्ण उघडले की ते बरेच तीव्र उतरते, त्यामुळे जास्त उंचीची अडचण सहसा सुटते. कमी उंचीची अडचण मात्र सुटत नाही, आणि म्हणून शिकवणाऱ्यांचा सगळा कटाक्ष त्या बाजूला असतो.

धोका नाही असे मी म्हणणार नाही. कमी उंचीवर, कमी वेगात, रडर जास्त दाबून घेतलेले शेवटचे वळण हे ग्लायडरच्या जीवघेण्या अपघातांचे जुने कारण आहे, आणि इंजिनाच्या विमानांचेही. आपल्या मुलाला शिकवणारा प्रशिक्षक या वळणाविषयी किती बोलतो, स्टॉल (वेग फार कमी होऊन पंखांची उचल जाणे) आणि स्पिन (त्यातून गरगरत खाली जाणे) उंचीवर नेऊन किती वेळा दाखवतो, हे आपण अवश्य विचारा. वयाची अडचण नाही. अमेरिकेत १४ व्या वर्षी ग्लायडरचे एकल उड्डाण करता येते आणि १६ व्या वर्षी परवाना मिळू शकतो. मोटार चालवण्याआधी ग्लायडर एकट्याने उडवलेली मुले मी इथे पाहतो आणि त्यांची शिस्त पाहून मला समाधान वाटते.

राइनकाठ

मी जर्मनीत राहतो आणि माझा प्रवास आपल्या उलट झाला. आधी क्लबमध्ये ग्लायडर शिकलो, इंजिनाचा परवाना त्यानंतर काढला. त्यामुळे आपल्या लेखातील एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे, ते मांडतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर इंजिनाच्या विमानांबाबत कडक निर्बंध घातले. उडण्याची आस असलेली मंडळी तेव्हा ऱ्होन भागातल्या वासरकुप्पे डोंगरावर जमू लागली आणि १९२० पासून तिथे ग्लायडिंगच्या स्पर्धा सुरू झाल्या. आज इथे लहान गावांनाही ग्लायडिंग क्लब आहेत आणि बहुतेक ठिकाणी विंच वापरतात. क्लबमध्ये सकाळी हँगर उघडण्यापासून संध्याकाळी ग्लायडर धुऊन आत ठेवण्यापर्यंत सगळे काम सदस्यच करतात. एका माणसाच्या दहा मिनिटांच्या उड्डाणासाठी पाच-सहा माणसे उभी असतात, हे इंजिनाच्या वैमानिकाला नवीन असते. मला तर तेच या विद्येतले सर्वांत मोलाचे वाटते.

आता मतभेद. आपण टोला सर्वांत अवघड भाग म्हटले आहे. माझ्या मते इंजिनाच्या वैमानिकाने सुरुवात विंचवर करावी. टोमध्ये तीन हजार फुटांवर नेऊन सोडले की उतरण्यापूर्वी बराच वेळ मिळतो, आणि त्या वेळात जुन्या सवयी परत डोके वर काढतात. विंचवर हजार फुटांतून लगेच उतरण्याचा मार्ग धरावा लागतो, दिवसाकाठी अनेक उड्डाणे होतात, आणि उंचीचा हिशेब काही दिवसांत अंगात भिनतो.

आणखी एक सवय मला इथे इंजिनाच्या वैमानिकांत नेहमी दिसते. खाली जाणाऱ्या हवेत सापडले की त्यांचा हात नकळत स्टिक मागे ओढतो, कारण उंची जाते आहे तर नाक वर घ्यावे, असे मनाला वाटते. करायचे असते ते नेमके उलट. नाक खाली करून वेग वाढवायचा आणि त्या हवेतून लवकर बाहेर पडायचे. तिथे रेंगाळण्यात गेलेली उंची वेगासाठी मोजलेल्या उंचीपेक्षा नेहमी जास्त असते. किती वेगाने जावे याचे गणित बसवून ते व्हेरिओमीटरभोवतीच्या (चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणाऱ्या उपकरणाभोवतीच्या) फिरत्या कड्यावर आणणारे पॉल मॅकक्रीडी हे १९५६ साली जागतिक स्पर्धा जिंकणारे पहिले अमेरिकन वैमानिक. ते कडे आजही कित्येक ग्लायडरमध्ये दिसते.

उत्तरवारा

आपला विंचचा मुद्दा मला बराचसा पटतो. हॅरिस हिलवर टोच उपलब्ध असल्याने माझे अनुभव त्यातूनच आले. मात्र टोमध्ये दुसऱ्या विमानाच्या मागे नेमके राहण्याने स्टिक आणि रडर यांची जी बारीक तालीम होते, ती विंचवर होत नाही, एवढे मी अजूनही म्हणेन. खाली जाणाऱ्या हवेतली सवय आपण अगदी बरोबर टिपली आहे. वाऱ्याच्या विरुद्ध जातानाही हाच नियम लागू पडतो आणि तिथेही मनाची ओढ उलटीच असते.

ढगांची_रांग

मी व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी शिकत आहे. ग्लायडरसाठी वेळ आणि पैसा खर्च करण्याचा पुढे मोठ्या विमानांत खरोखर उपयोग होतो का? नेहमी कॅनडाच्या एका बोईंगचे उदाहरण दिले जाते, पण ते वगळता काही ठोस सांगता येईल का?

उत्तरवारा

ते उदाहरण वगळू नये, कारण त्यातला तपशील बोलका आहे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या १४३ क्रमांकाच्या उड्डाणातील बोईंग ७६७ चे इंधन ४१,००० फुटांवर असताना संपत आले आणि दोन्ही इंजिने बंद पडली. इंधनाचे वजन मोजताना पौंड आणि किलोग्राम यांची गल्लत झाली होती. कॅप्टन रॉबर्ट पिअरसन हे अनुभवी ग्लायडर वैमानिक होते. मॅनिटोबातील गिमली येथील जुन्या हवाई तळाकडे येताना विमान जास्त उंच होते, आणि इंजिने बंद असल्याने फ्लॅप व वेगरोधक नेहमीसारखे चालत नव्हते. त्यांनी स्टिअरिंग एका बाजूला आणि रडर विरुद्ध बाजूला देऊन विमान तिरके घसरवत खाली आणले. ग्लायडरच्या विद्यार्थ्याला ही साइडस्लिप परीक्षेत करून दाखवावी लागते. विमानातील ६९ जणांपैकी कुणाचाही जीव गेला नाही.

आपल्या रोजच्या उपयोगाचे मात्र त्याहून साधे आहे. डोळ्यांनी उतरण्याचा कोन ओळखणे, पायांनी विमान सरळ ठेवणे आणि निघण्यापूर्वी अपयशाची योजना मोठ्याने बोलणे, या तीन गोष्टी ग्लायडरमध्ये टाळताच येत नाहीत. इतर कुठे त्या टाळता येतात, म्हणून टाळल्या जातात. तास वाढवण्यासाठी ग्लायडर शिकू नका. एखादा हंगाम मिळत असेल तर या तीन गोष्टींसाठी शिका.

घाटमाथा

थर्मलविषयी, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेविषयी, कुणीच लिहिले नाही, म्हणून पुण्याच्या अनुभवावरून लिहितो, आणि ढगांची_रांग यांना सुट्टी कधी घ्यावी याचाही अंदाज येईल.

दख्खनवर मार्च ते मे या काळात जमीन तापून थर्मल जोरदार उठतात. नांगरलेली काळी शेते, खडकाळ उतार, कारखान्यांची छपरे यांवरून हवा आधी उठते. पाणी आणि हिरवी उसाची शेते यांवरून उशिरा. हिवाळ्यातली सकाळ शांत असते आणि नवख्याला सरळ उडणे, वळणे आणि उतरणे शिकायला तीच बरी. थर्मलमध्ये शिरताना बहुधा एक पंख आधी उचलला जातो. अनोळखी माणूस तो पंख खाली दाबून सरळ जातो; शिकलेला माणूस त्याच पंखाच्या बाजूला वळतो, कारण वर चढणारी हवा तिकडे असते. व्हेरिओमीटरचा काटा किंचित उशिरा सांगतो, बसण्याच्या जागेला आधी कळते. मग ४० अंशांच्या आसपास कलून, वेग स्थिर ठेवून आणि धागा सरळ ठेवून गोल फिरायचे आणि प्रत्येक फेरीत जिथे जोर अधिक आहे तिकडे वर्तुळ थोडे सरकवायचे. आधीच एखादे ग्लायडर फिरत असेल तर ज्या दिशेने ते फिरत आहे त्याच दिशेने शिरायचे, हा नियम जगभर एकच आहे.

हडपसरभोवती घारी पुष्कळ. पंख न हलवता गोल फिरत वर जाणारी घार दिसली की आम्ही तिच्याकडे वळत असू, आणि तिचा अंदाज क्वचितच चुकायचा. शहर वाढत गेल्याने त्या मैदानाभोवती बाहेर कुठे उतरायला मोकळी जागा फारशी उरलेली नाही, शिवाय लोहगाव विमानतळाची वाहतूक जवळ आहे. त्यामुळे तिथे मैदानाच्या आवाक्यातच राहायचे असते, आणि लांब पल्ल्याचा विचार करणाऱ्याने ते लक्षात घ्यावे. जाण्यापूर्वी केंद्राला फोन करून उड्डाणे चालू आहेत का ते विचारा, पावसाळा सोडून जा, टोपी आणि पाणी बरोबर ठेवा, आणि दिवसभर थांबण्याच्या तयारीने जा. इतरांच्या उड्डाणांना पंख धरायला मदत केलीत तर प्रशिक्षक आपणहून बरेच काही सांगतात.

ढगांची_रांग

सविस्तर उत्तरांबद्दल दोघांचे आभार. फेब्रुवारीत माझे दोन आठवडे रिकामे आहेत, तेव्हा पुण्यात येण्याचा विचार पक्का करत आहे. सकाळी साधा सराव आणि दुपारी थर्मल असे जमेल का, हे केंद्राला विचारून इथे कळवीन.

घाटमाथा

फेब्रुवारीचा शेवट निवडा. तोवर दुपारचे थर्मल सुरू झालेले असतात आणि सकाळीही वारा फारसा नसतो.